युद्धकथेंतील अद्भुत



पोलादपूर तालुक्यांतील उमरठ हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव. आमच्या या खोऱ्यांत कोंडाण्याची गोष्ट लहान मुलासहि ठाऊक असते. परंतु 'गड कसा सर झाला?' असें त्यास विचारा, तें प्रथम यशवंती घोरपडीचें नांव घेईल. युद्धाच्या गोष्टींत ही घोरपड कोठून आली, आणि तिच्या येण्यानें आपण काय मिळविलें व काय गमावलें, याचा आज थोडा विचार करूं.

कोंडाणा ४ फेब्रुवारी १६७० रोजीं सर झाला. पुढें १६९७ च्या सुमारास कृष्णाजी अनंत सभासद यानें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस आपली बखर लिहिली. तिच्यांत घोरपड नाहीं. दोन निवडक मावळे रात्रीं वानराच्या चपळाईनें कडा चढले, त्यांनीं वरून माळ लावली, आणि मग तानाजीसह तीनशें माणूस वर गेलें, एवढेंच तो सांगतो. सभासदाला अद्भुताचें वावडें होतें असें मात्र नव्हे. अफझलखानाच्या भेटीपूर्वीं भवानीनें महाराजांस दर्शन दिलें, हें तोच लिहितो. परंतु तेथें देवी धीर देते. चिलखत, वाघनखें आणि जावळीच्या रानांतील दबा ही योजना महाराजांचीच राहते.

आतां तुळसीदास शाहिराचा पोवाडा घ्या. ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं छापलेल्या संग्रहांत तो आहे. येथें सारें जगच पालटतें. उदेभान हा साधा किल्लेदार न राहतां अचाट आहाराचा राक्षस बनतो. चंद्रावळी हत्ती आणि सिद्दी हिलाल त्याच्या दिमतीस उभे राहतात. घोरपड अर्ध्या कड्यावरून मागें फिरते, आणि ऐकणाऱ्याच्या मनांत अपशकुनाची पाल चुकचुकते.

शाहिरानें असें कां केलें? डफ-तुणतुण्यावर पिढ्यान्‌पिढ्या गायिलेल्या कथेचा शेवट श्रोत्यांस आधींच ठाऊक असतो. शत्रूच्या तलवारीचें भय मग पुरत नाहीं. माणसाच्या आटोक्याबाहेरचें कांहीं तरी कड्यावर उभें करावें लागतें. म्हणून वीररसाच्या सोबतीस भयानक आणि अद्भुत हे दोन रस तो बोलावतो. त्याचें कौशल्य प्रमाणांत आहे. तानाजी अपशकुनापुढें मान तुकवीत नाहीं. उलट घोरपडीलाच मारण्याचा धाक घालतो आणि ती निमूटपणें चढते. अमेरिकेंतील लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) याच्या कथांत अफाट विश्वापुढें मनुष्य कस्पटासमान ठरतो. आमच्या शाहिराचा मनुष्य भयास वाकवितो.

परंतु अशा मिश्रणांत एक धोकाहि असतो. ऑगस्ट १९१४ मध्यें मॉन्सच्या लढाईंतून इंग्रज फौज माघार घेत आली. त्यानंतर आर्थर मॅकेन यानें २९ सप्टेंबर रोजीं लंडनच्या एका वृत्तपत्रांत एक कल्पित कथा छापली : अजिनकोर्टचे मृत धनुर्धारी इंग्रजांच्या साह्यास धांवून आले! लोकांनीं ती खरी मानली. पुढें धनुर्धाऱ्यांचे देवदूत झाले. ही माझी कल्पना आहे, असें लेखकानें परोपरीनें सांगितलें. तरी ऐकतो कोण?

आमच्याकडेहि तेंच झालें. घोरपडीस नांव मिळालें, यशवंती. ते जे दोन मावळे काळोखांत, हाताखालीं दोर नसतांना, केवळ बोटांच्या व पायांच्या बळावर सर्वांच्या आधीं चढले, त्यांचीं नांवें मात्र सभासदानें नोंदविलीं नाहींत. अद्भुतानें त्यांची उरलीसुरली जागाहि भरून काढली. ते याच सह्याद्रीच्या कड्याकपारींत वाढलेले असतील. कडा चढणें हा त्यांचा चमत्कार नव्हता, ती त्यांची विद्या होती.

म्हणून पोवाडा टाकून द्यावा काय? मुळींच नाहीं. घोरपड मागें फिरते त्या क्षणीं अंगावर कांटा येतो, तो यावाच. मात्र मुलांस ती गोष्ट सांगून झाल्यावर एवढें अवश्य जोडावें, कीं बखरींत घोरपड नाहीं. तेथें दोन माणसें आहेत.