लेखकाचे कागद आणि कन्हानचा काठ

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या अभिलेखागारात ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराचे कागद जतन केलेले आहेत. आयुष्याची अखेरची सुमारे 24 वर्षे त्याचे वास्तव्य त्याच कॉलेजात होते. 1970 मध्ये तो निवर्तला आणि 1913-14 साली लिहून ठेवलेली त्याची ‘मॉरिस’ ही कादंबरी 1971 मध्ये प्रसिद्ध झाली. हा लेखक आपल्याला अगदीच परका नव्हे. 1921 साली तो देवास या मराठा संस्थानात महाराजांचा खाजगी सचिव होता. मुल्कराज आनंद यांच्या ‘अनटचेबल’ला 1935 मध्ये त्याचीच प्रस्तावना लाभली. त्याच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’तील मराबार लेणी म्हणजे गयेजवळील बराबर लेणी होत. सम्राट अशोकाने तेथील दोन लेणी आपल्या बाराव्या राज्यवर्षी आजीवकांना दान दिली. कादंबरीच्या वाचकाला त्यांतला प्रतिध्वनी आठवतो, दानलेख आठवत नाही, हे मात्र आम्हांला नेहमी खटकते.

परंतु आमचा मुद्दा निराळा आहे. लेखक गेल्यावर त्याच्या कागदांना हक्काचे छप्पर मिळणे, ही गोष्ट आपल्याकडे किती दुर्मिळ!

पूज्य बाबासाहेबांच्या हस्तलिखितांचेच उदाहरण घेऊ. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 मध्ये सिद्धार्थ कॉलेजच्या वतीने प्रकाशित झाला. पण 15 मार्च 1956 रोजी त्यांनी लिहिलेली प्रस्तावना त्यात आली नाही. उरलेले कागद प्रथम दिल्ली उच्च न्यायालयाच्या आणि पुढे महाराष्ट्राच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलच्या ताब्यात पेट्यांतून पडून राहिले. हे लेखन एक तर शासनाने छापावे, नाही तर आम्हांस छापू द्यावे, अशी मागणी नागपूरच्याच एका वकिलाने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे केली, हे विदर्भातील वाचकांनी विसरू नये. 1976 साली शासनाने समिती नेमली, 1979 मध्ये पहिला खंड निघाला. नागपूरचेच वसंत मून यांनी त्या विस्कळीत पानांची जुळणी करण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घातली. 1998 मध्ये सोळाव्या खंडात बाबासाहेबांचे पालि व्याकरण व शब्दकोश छापून आले. पालि शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांना तो खंड हाती आला तेव्हा आनंद झाला, आणि मधली चार दशके आठवून विषादही वाटला.

बौद्ध परंपरेला हा धडा नवा नाही. इ. स. पूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळी, सिंहलद्वीपातील भिक्खूंनी मुखोद्गत तिपिटक ग्रंथारूढ केले. दुष्काळ आणि युद्ध यांमुळे पाठ करणारेच उरतील की नाही, अशी वेळ आली होती.

कन्हान नदीच्या काठी बाबू हरदासांची समाधी आहे. ‘जयभीम’चे जनक म्हणून आपण त्यांना वंदन करतो. पण ते लेखकही होते. ‘मंडळ माहात्म्य’ ही पुस्तिका त्यांनी 1924 मध्ये काढली, ‘वीर बालक’ हे नाटक लिहिले, साप्ताहिक चालविले, कामठीत चोखामेळ्याच्या नावाने ग्रंथालय उघडले. 12 जानेवारी 1939 रोजी, अवघ्या 35 व्या वर्षी, ते गेले. त्यांच्या पिढीपासून आजवर या परिसरातील कामगारांनी, शिक्षकांनी, जलसाकारांनी जे लिहिले ते बहुधा घराघरांतील ट्रंकांत आहे. 2020 च्या ऑगस्टअखेर पेंच व कन्हान यांना महापूर आला, तेव्हा काठच्या गावांत पाणी घरात शिरले. ट्रंका जमिनीवरच असतात.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दरवर्षी 12 जानेवारीला समाधीपाशी लोक जमतात, पुस्तकांची दुकाने लागतात. तेथेच एक नोंदवही ठेवावी: घरात कोणाचे हस्तलिखित आहे, किती पाने आहेत, वाळवी लागली आहे काय. पुढे ते कागद विहाराच्या वरच्या मजल्यावर ठेवायचे की एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, हे त्या कुटुंबांना विचारूनच ठरवावे.