रामेश्वरची वाळू, कर्द्याची वाळू

वऱ्हाडातल्या रिसोड तालुक्यातून पैनगंगा वाहते. ती वर्धा नदीला मिळते, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि रिसोडच्या शेतांवरून वाहून गेलेला पाऊस अखेर आंध्रात बंगालच्या उपसागराला लागतो. पाण्याची वाट पूर्वेची. हल्ली डिसेंबरात समुद्राकडे निघालेली रिसोडची मोटार मात्र पश्चिमेला तोंड करते. मागच्या सीटवर तीन-चार वर्षांचे लेकरू, डिकीत प्लॅस्टिकची बादली आणि फावडे, आणि पुढे वाद चाललेला: गणपतीपुळे, दापोली, की थेट गोवा?

आजोबांच्या आजोबांना हा वाद कळलाच नसता. त्यांच्या काळात समुद्र हा लेकराला दाखवायचा नव्हता, म्हाताऱ्यांनी पाहायचा होता. मुलींची लग्ने उरकली, शेत पोरांच्या हाती दिले, की काशी-रामेश्वर. गंगेचे पाणी रामेश्वरला घालायचे आणि रामेश्वरची वाळू उत्तरेत नेऊन प्रयागच्या संगमात सोडायची, अशी या यात्रेची जुनी जोडणी. एकनाथांनी रामेश्वरच्या वाटेवर कावडीतले गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजल्याची गोष्ट मराठी घराघरात सांगितली जाते. त्या गोष्टीतला समुद्र सुट्टीचा नाही, नवसाचा आणि प्रायश्चित्ताचा आहे.

वऱ्हाडातल्या माणसाला हा समुद्र जवळ आला तो रेल्वेमुळे. मुंबईहून निघालेले रूळ अकोल्यावरून 1867 मध्ये नागपूरला पोचले. बंगाल-नागपूर रेल्वेने पुढची पूर्वेची वाट मोकळी केली, 1897 मध्ये रेल्वे जगन्नाथपुरीला पोचली आणि 1914 मध्ये पांबनचा पूल झाल्यावर रामेश्वरच्या यात्रेकरूला खाडी होडीने ओलांडायची गरज उरली नाही. रिसोडकराला बैलगाडीने अकोल्याचे स्टेशन गाठले की पुढचा सारा प्रवास चाकांवरचा. पण तरीही जाणारा म्हाताराच. आणि समुद्राला हात लावायचा तोही नेमाने: पिंपळाला शिवायचे शनिवारी, सागराला शिवायचे पर्वकाळी, असा धर्मशास्त्राचा दंडक. एरवी दुरूनच नमस्कार.

खाऱ्या पाण्याचे अप्रूप रिसोडला नव्हते, हेही इथे सांगायला हवे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार इथून तासाभराच्या वाटेवर. उल्का आदळून झालेल्या त्या विवराच्या तळाशी इतके क्षारयुक्त पाणी आहे की त्यातल्या क्षारांची नोंद अकबराच्या काळच्या 'ऐन-ए-अकबरी'तही काच आणि साबणाच्या संदर्भात सापडते. 2020 च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले तेव्हा महाराष्ट्रभर छायाचित्रे फिरली; खारटपणा वाढला की फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांची ती करामत होती. पण लोणारला लाट नाही, आणि त्या पाण्यात लेकराला कोणी खेळायला सोडत नाही.

समुद्रकाठी हवापालटाला जाण्याची कल्पना तशी इंग्रजांची. अठराव्या शतकाच्या मध्यावर रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने खाऱ्या पाण्याला औषध ठरवले आणि ब्रायटनला गर्दी लोटली. आपल्याकडे ती आली तीही आजारपणाचे बोट धरूनच. 1924 मध्ये पुण्यात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाल्यावर गांधीजी विश्रांतीला जुहूला राहिले, ते याच विचाराने. मुंबईकरांना हे परवडे. रिसोडच्या कापूस-ज्वारीच्या शेतकऱ्याला हवापालट म्हणजे फार तर मामाचा गाव.

त्याच्या मुलाने समुद्र पाहिला तो एसटीच्या काचेतून. 1948 मध्ये पुणे-नगर मार्गावर पहिली बस धावली आणि पुढच्या काही दशकांत लाल डबा तालुक्या-तालुक्यात पोचला. शैक्षणिक सहलीला एसटीत निम्म्या भाड्याची सवलत असते, त्यामुळे विदर्भातल्या शाळांची एक ठरलेली चाकोरी तयार झाली: नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान निघायचे, रायगड, प्रतापगड, महाबळेश्वर करायचे आणि कोकणात उतरायचे. हिवाळ्यात जायचे ते समुद्र शांत असतो म्हणून नव्हे, एप्रिलमध्ये परीक्षा म्हणून. कारण काहीही असो, मुहूर्त बरोबर लागला. आज रिसोडमध्ये जे चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांच्यापैकी पुष्कळांच्या आठवणीत पहिला समुद्र म्हणजे रात्रभर बसमध्ये आंबलेले अंग, गुडघ्यापर्यंत वर केलेली खाकी चड्डी आणि शिट्टी वाजवत काठावर उभे असलेले गुरुजी.

सहलीचा हा सोहळा बिनधोक कधीच नव्हता. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडाले आणि त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले. तो महिना पावसाळ्याचा नव्हता. हिवाळ्यातला समुद्र दिसायला तळ्यासारखा असतो, एवढेच.

कुटुंबाने समुद्राला जायचे हे सुरू झाले ते नोकरदारांपासून. रजा प्रवास सवलत मिळणारा शिक्षक, तलाठी, बँकेतला कारकून हे त्यातले पहिले मानकरी. पर्यटन महामंडळ 1975 मध्ये स्थापन झाले, 1988 पासून एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास निघाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे रोह्यापासून पार मंगळूरपर्यंत धावू लागली. तरी 'समुद्र पाहायला चाललो' असे घरात सांगणे जडच जाई. म्हणून गणपतीपुळे. देवळाच्या पायरीवरून उतरले की वाळू. आजीचे दर्शन आणि नातवाची लाट एकाच तिकिटात. हरिहरेश्वर, दिवेआगर यांनाही देवाचा हाच आधार मिळाला. गोव्याला मात्र देव पुढे करता येईना. मंगेशी आणि शांतादुर्गा असूनही वऱ्हाडात 'गोवा' म्हटले की लोक डोळे मिचकावत. हा संकोच गेल्या वीसेक वर्षांतच ओसरला.

अंतराचा प्रश्न मग समृद्धी महामार्गाने हलका केला. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डीचा टप्पा खुला झाला आणि जून 2025 मध्ये शेवटचा इगतपुरी ते आमणे. रिसोडची गाडी मेहकर किंवा मालेगावकडून वर चढली की संध्याकाळच्या आत मुंबईच्या वेशीवर. सोयाबीन विकून झालेले असते, तूर शेतात उभी असते, रात्री कानटोपीशिवाय बाहेर पडवत नाही. अशा दिवसांत "लेकराले समुंदर दाखवून आणतो" म्हणणाऱ्याला अडवणार कोण?

लेकरू बरोबर असले की निवडीचे गणितच बदलते, आणि इथे पूर्वेचा जुना समुद्र मागे पडतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा काळ. रामेश्वरजवळचे धनुष्कोडी 1964 मध्ये ऐन डिसेंबरातल्या चक्रीवादळाने पुसून टाकले, रेल्वेगाडीसकट. कोकणात त्याच दिवसांत आकाश कोरडे आणि पाणी कोमट. पण सगळे किनारे सारखे नाहीत. गणपतीपुळ्याची वाळू पाण्यात उतरताच झपकन खोल जाते. मोठ्यांचे पायही तिथे सुटतात. त्यामानाने दापोलीकडचे कर्दे-मुरूड सपाट आणि घट्ट, आणि पार उत्तरेला बोर्डीला ओहोटीत समुद्र इतका मागे सरतो की पाण्यापर्यंत चालून लेकरू थकते. दक्षिण गोव्यातले पाळोळे दोन्ही बाजूंनी टेकड्यांच्या कुशीत असल्याने लाटा मवाळ, मात्र नाताळच्या आठवड्यात खोलीचे भाडे ऐकून घाम फुटतो. घट्ट वाळूला भुलून गाडी पाण्याजवळ नेणारे शहाणे दर हिवाळ्यात भेटतात आणि भरती चढली की ट्रॅक्टर शोधत फिरतात.

भरती कधी, हे विचारायला मोबाइल लागत नाही. किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाचे मवाळ पाणी. म्हणजे शास्त्राने सागराला शिवायला जे पर्वकाळ नेमून दिले, त्यातले पौर्णिमा-अमावास्या हे दोन दिवस नेमके लाटा सर्वांत आत येण्याचे. म्हाताऱ्यांना ते चालून गेले असेल. त्यांना एक बुडी मारून बाहेर यायचे होते. चार वर्षांच्या पोराला दोन तास किल्ला बांधायचा असतो.

कोकणचा हा हिशोब रिसोडच्या आजोबांना एकदा समजला की पुन्हा सांगावा लागत नाही. भिंतीवर कालनिर्णय असतेच. षष्ठी आहे ना, मग साडेचारला भरती, सकाळी साडेदहाच्या आसपास पाणी सर्वांत लांब. तेव्हा न्याहारी लवकर उरका, नऊला वाळूवर जा आणि बाराच्या आत लेकराला बाहेर काढा.