दुर्बिणीचा कललेला आस

भूगोलाच्या तासाला आपण शिकलो होतो की ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, साधारण तितकाच त्या ठिकाणचा अक्षांश. उत्तर पाठ होते, गुणही मिळत. त्याचा उपयोग मात्र मला चाळिशी ओलांडल्यावर कळला, विषुववृत्तीय बैठकीची, म्हणजे इक्वेटोरियल माउंटची, दुर्बीण वापरायला शिकू लागले तेव्हा. आपली बॅच शाळेला दुर्बीण भेट देण्याचा विचार करते आहे, म्हणून या बैठकीचा इतिहास इथे सांगावासा वाटतो.

पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी घेते, त्यामुळे आकाश तासाला सुमारे १५ अंश सरकताना दिसते. शंभर पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून शनी दोनएक मिनिटांत निसटतो. साध्या तिपाईवर त्याचा पाठलाग करताना दुर्बीण आडवी आणि उभी अशी दोन्हीकडे सतत हलवावी लागते. पण बैठकीचा एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवला, तर तेवढाच एक आस फिरवून भागते.

ही युक्ती दुर्बिणीसाठीच निघाली असे नाही. जयपूरच्या जंतरमंतरमधल्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत २७ अंशांनी कललेली आहे, कारण जयपूरचा अक्षांश तोच. उज्जैनच्या यंत्राचा कल त्याहून कमी, कारण उज्जैन दक्षिणेला आहे.

दुर्बिणीला या बैठकीचे आजचे रूप दिले ते योझेफ फ्राउनहोफरने. अकराव्या वर्षी पोरका झालेला हा मुलगा काचेच्या कारखान्यात उमेदवारी करत शिकला. १८२४ मध्ये त्याने बनवलेली २४ सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण दोरपातला, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूला, पोचली. खाली सरकणाऱ्या वजनावर चालणारे घड्याळयंत्र तिला ताऱ्यामागे फिरवी. त्यामुळे निरीक्षकाचे हात मोकळे झाले. तिथल्या व्हिल्हेल्म स्ट्रुव्ह यांनी तिच्या साहाय्याने लाखाहून अधिक तारे तपासले आणि १८२७ मध्ये तीन हजारांवर जोडताऱ्यांची यादी छापली.

आजच्या हौशी दुर्बिणींची बैठक बरीचशी याच घडणीची असते. मोबाइलवरून तारा शोधून देणाऱ्या बैठकीही मिळतात. सॉफ्टवेअर हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय, तरी मी मुद्दाम हाताने फिरवायची घेतली. आत काय चालते ते मला कळायला हवे होते. आधी तिपाई समपातळीत आणायची. मग अंशांच्या पट्टीवर पुण्याचे साडेअठरा अंश लावायचे आणि आस उत्तरेकडे ध्रुवताऱ्यावर रोखायचा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशापेक्षाही जवळ आहे. डोळ्यांनी पाहण्यापुरते तेवढे चालते. वजन पुढेमागे सरकवून तोल साधायचा. तारा सापडला की एक आस घट्ट करायचा आणि दुसऱ्याची कळ हळूहळू फिरवत राहायचे. आपल्याकडे ध्रुव इतका खाली असतो की समोरची इमारत किंवा धुरकट हवाही त्याला झाकते. म्हणून जागा निवडणे हाही अभ्यासाचाच भाग.

पुण्याचा या बैठकीशी जुना संबंध आहे. इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली. भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी तिला देणगी दिली, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी डब्लिनच्या ग्रब यांच्याकडून दुर्बीण मागवली. पुढे तिला २० इंची आरसा बसला आणि ती कित्येक दशके भारतातली सर्वांत मोठी दुर्बीण ठरली. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण नायगमवाला यांनी सोलापूरकडच्या जेऊरला जाऊन अभ्यासले.

१९१२ मध्ये ते निवृत्त झाले. वेधशाळा बंद झाली आणि मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका प्राध्यापकाभोवती उभी राहिलेली वेधशाळा त्यांच्या निवृत्तीबरोबर मिटली.

हे मला आपल्या भेटीच्या संदर्भात महत्त्वाचे वाटते. दुर्बीण विकत घेणे सोपे आहे. ती कपाटात धूळ खात पडू नये, यासाठी ती लावणारी माणसे दरवर्षी तयार व्हायला हवीत. माझे सुचवणे असे: शाळेच्या गच्चीवर पक्का खांब बांधून बैठकीचा आस एकदाच नीट बसवावा. दोन शिक्षकांनी आणि नववीच्या पाचसहा मुलामुलींनी ती लावायला शिकावे, आणि दहावीत जाताना त्यांनी नव्या नववीला शिकवावे. पहिले वर्षभर महिन्यातून एक शनिवार मी येईन. आपल्यातल्या आणखी दोघातिघांनी नावे द्यावीत, म्हणजे हे काम माझ्या एकटीवर अवलंबून राहणार नाही.