अडलेलं पीठ आणि मामांचा हातोडा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी पिठाच्या पुड्या भरणारं एक छोटं मशीन बनवलं होतं. त्यातला हॉपर माझ्या वाट्याला. हॉपर म्हणजे काय, तर वर रुंद आणि खाली निमुळता पत्र्याचा डबा. यात डिझाइन ते काय करायचं? पिठाचा ढीग केला, उतार मोजला, ४० अंशांच्या आसपास आला. मग हॉपरची बाजू ४५ अंशांची ठेवली, तोंड चार इंची. गहू टाकून पाहिले... झक्कास!

परीक्षेच्या दिवशी पीठ टाकलं आणि कणभरही खाली येईना. शेवटी वर्कशॉपच्या मामांनी हातोड्याचे दोन दणके दिले. म्हणाले, "ठोकल्याशिवाय नाही पडायचं ते, पोरांनो."

पुढे आयटीत आलो, पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. गेल्या काही वीकांतांत त्याचा इतिहास वाचला, आणि कळलं की आपण एकटेच मूर्ख नव्हतो!

धान्य पाण्यासारखं वाहतं, म्हणून त्याचा दाबही पाण्यासारखाच असणार, असं वाटणं साहजिक आहे. पाण्याची खोली दुप्पट केली की तळावरचा दाब दुप्पट. ब्रेमेनच्या यान्सेन नावाच्या इंजिनिअरने चौकोनी नमुना-कोठ्या घेतल्या, तळ वेगळा ठेवून त्यावरचं वजन मोजलं आणि १८९५ मध्ये निष्कर्ष छापले. धान्य भिंतींना घासतं, त्यामुळे बरंचसं वजन भिंतीच पेलतात. कोठीच्या रुंदीच्या तीन-चार पट उंची भरली की तळावरचा दाब जवळजवळ वाढतच नाही. त्याचं सूत्र सायलो बांधणारे आजही वापरतात.

पण कोठी उभी राहणं वेगळं आणि माल खाली येणं वेगळं. हे दुसरं कोडं सोडवलं अँड्र्यू जेनिके यांनी. वॉर्साला जन्मलेला हा माणूस पुढे अमेरिकेत युटा विद्यापीठात पोचला. १९६१ आणि १९६४ साली तिथून त्यांच्या दोन पुस्तिका निघाल्या, आणि हॉपर हा अंदाजाचा नाही तर गणिताचा विषय झाला.

त्यांचं म्हणणं साधं आहे. पावडर दाबली गेली की तिला स्वतःची ताकद येते. (मुठीत दाबलेलं पीठ मूठ उघडल्यावरही तसंच राहतं ना?) ही ताकद पुरेशी असेल तर तोंडावर कमान तयार होते आणि वरचा सगळा माल अडतो. म्हणून ढिगाचा उतार मोजून भागत नाही. दाबलेल्या पावडरीची ताकद आणि पत्र्याशी होणारं घर्षण, दोन्ही मोजावं लागतं. जेनिके यांनी त्यासाठी उपकरणही बनवलं.

आता हिशोब बघा. समजा, पावडरीची ताकद १ किलोपास्कल, घनता घनमीटरला ६०० किलो, आणि शंकूसाठीचा गुणक २.२. तर गोल तोंड किमान ३७ सेंटीमीटर हवं! गंमत म्हणजे या हिशोबात हॉपरची उंची किंवा क्षमता कुठेच नाही. डबा छोटा केला म्हणून तोंड छोटं करता येत नाही. म्हणून छोटा हॉपरच जास्त अवघड. आमचं चार इंची तोंड तर दहाच सेंटीमीटरचं! गव्हाचे कोरडे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत, त्यामुळे गव्हाच्या चाचणीने मला काहीच सांगितलं नव्हतं.

पाभरीचं चाडं आठवा. तेही एक हॉपरच, पण बी त्यात ढीग करून ओतत नाहीत, मुठीतून थोडं थोडं सोडतात. साठूच दिलं नाही, तर अडणार कसं?

आमच्या बाबतीत फार तर मार्क गेले. मोठ्या सायलोत मात्र अडलेला माल मोकळा करायला माणूस आत उतरतो, पायाखालची कमान अचानक कोसळते आणि तो धान्यात गाडला जातो. जगभर अशी माणसं गेली आहेत. टेबलावर चुकलेला एक कोन आणि एक व्यास, आणि किंमत मोजतो तो शेवटचा माणूस.

मामांचा हातोडा तेव्हा मला विनोदी वाटला होता. आता वाटतं, ती माझ्या डिझाइनची दुरुस्ती होती आणि ती मामांना करावी लागली.

असो. सध्या कोड लिहितो, पण चाचणीला गहू घेतलाय की पीठ, हे आधी तपासतो :)