दोन लोहमार्गांमधले गाव

वाहतुकीचा इतिहास म्हटला की आपले लक्ष प्रथम मुंबईच्या ट्रामकडे नाही तर आगगाडीकडे जाते. आपल्या नांदगाव खंडेश्वराला ट्राम असण्याचे कारणच नव्हते, आणि आगगाडीही आली नाही. म्हणूनच येथला इतिहास मोटारीचा आहे.

आगगाडी का आली नाही, याचे उत्तर कापसात आहे. 1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी मोल चढले. 1867 साली लोहमार्ग अकोला, बडनेरा, चांदूर करीत नागपूरला पोहोचला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापुराहून कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ आली. तीही कापसासाठीच, आणि विलायती कंपनीच्या मालकीची. (तिच्यावरची ती मालकी स्वातंत्र्यानंतरही सुटली नाही, ही एक वेगळीच कथा आहे.) नकाशा पुढे घेऊन बसा. एक मार्ग आपल्या उत्तरेकडून गेला, दुसरा पश्चिम-दक्षिणेकडून. मधले नांदगाव तसेच राहिले. रेल्वेने गाठी मोजल्या, माणसे मोजली नाहीत.

माणसांना रेंगी, दमणी आणि पाय. अमरावतीला दवाखान्यात जायचे तर बैलांची मजल धरावी लागे.

मग सर्व्हिस मोटारी आल्या. खाजगी मालकांच्या त्या मोटारींना आज सगळेच नावे ठेवतात, आणि ती सर्वस्वी खोटी नाहीत. गाडी भरली की सुटायची. वेळ घड्याळाची नव्हे, उतारूंच्या संख्येची. 1939 च्या मोटार कायद्याने परवान्यांची शिस्त आली, तोच महायुद्ध सुरू झाले. पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा कोळशाच्या भट्टीवरच्या वायूने गाड्या चालवल्या गेल्या. तथापि मोटारीने परगावी जाऊन त्याच दिवशी घरी परतता येते, ही सवय खेड्यांना याच मालकांनी लावली. तेवढे श्रेय त्यांना द्यावेच लागेल.

1 जून 1948 रोजी नगर-पुणे मार्गावर पहिली एसटी धावली, हे आपण नेहमी ऐकतो. त्या दिवशी आपण मात्र मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो! विदर्भातली सरकारी मोटारसेवा तेव्हा नागपूरहून ‘प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस’ या नावाने चाले. 1956 साली वऱ्हाड मुंबई राज्यात आले, 1960 साली महाराष्ट्र झाला, आणि त्यानंतर आपल्याकडच्या गाड्या राज्याच्या एकाच महामंडळात सामील झाल्या. लोकांच्या तोंडी ती ‘यष्टी’ झाली.

या सगळ्या व्यवस्थेत मला सर्वांत मोलाची वाटते ती मुक्कामाची गाडी. संध्याकाळी शेवटची फेरी आडगावी जायची आणि तिथेच थांबायची. चालक-वाहक देवळात, शाळेत नाही तर गाडीतच अंग टाकीत. पहाटे त्याच गाडीत कोर्टाच्या तारखेचे पक्षकार, दुधाचे कॅन, माहेरी निघालेली बाई, ओटीत पोर घेऊन दवाखान्याला निघालेली आई. अमरावतीत खोली करून शिकणाऱ्या मुलाचा डबा तर एकटाच प्रवास करी. वर फडक्याची गाठ, गाठीत नावाची चिठ्ठी. आणि तो वाहकाच्या भरवशावर पोहोचे. जमाखर्चाच्या वहीत अशी फेरी बहुधा तोट्याची दिसते. परंतु त्या डब्यावर शिकून जो मुलगा मास्तर झाला, त्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची?

ही गाडी थांबली तर काय होते, ते ऑक्टोबर 2021 पासून पुढच्या एप्रिलपर्यंत आपण पाहिले. महामंडळाचे शासनात विलीनीकरण करा, ही संपकऱ्यांची मागणी होती. तिची बाजू पगाराची होती आणि ती खरी होती. पण त्या महिन्यांत खेड्यातल्या मुली घरी बसल्या, हेही खरे होते. कोणाच्या एकाच्या बाजूने सरळ बोलावे, असे मला तेव्हा जमले नाही, आजही जमत नाही. पुढे 2022 साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला आणि 2023 साली बायकांना निम्मे तिकीट. माहेरच्या वाटेला त्याचा गुण लगेच दिसला.

डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. तो आपल्या तालुक्यातूनच जातो. मोटारी तिथे भरधाव निघून जातात. हात दाखवून त्यावर कोणाला चढता येत नाही. अमरावती-यवतमाळ रस्त्यावर मात्र फाट्याफाट्याला पिशवी घेऊन माणसे उभी असतात, एसटीची वाट पाहत.