आठव्या शार्पीचा पट्टा

खालचा घटनाक्रम कुण्या एका रात्रीचा नाही. सीमाभागातल्या मंडपांत दर मोसमात जे होत राहतं, ते 14 एप्रिलवर आणि तेलंगणातल्या इंद्रवेल्लीच्या एका मैदानावर बसवलंय. नऊला भीमगीतांचा कार्यक्रम.

दुपारी 2:30
किनवट, आदिलाबाद, गुडीहत्नूर करत टेम्पो पोहोचतो. आठ शार्प्या, म्हणजे बारीक झोताचे, मोटरवर डोकं फिरवणारे दिवे (मूव्हिंग हेड), 230 वॉटचे. प्रवासात डोकं हलू नये म्हणून प्रत्येकीला पॅन (आडवं फिरणं) आणि टिल्टचे (वर-खाली वाकणं) लॉक लावलेले असतात. उन्हात लोखंडाला हात लावता येत नाही. पोरं भराभर लॉक उघडत जातात. आठवीचा टिल्टचा खटका मागच्या पडद्याच्या बाजूला येतो, तेवढा राहतो.

दुपारी 4
शार्प्या स्टेजवर मांडून झाल्यात. सातींची डोकी सैल, मान खाली. आठवीचं लॉकमुळे ताठ, भिंग थेट पश्चिमेच्या उन्हाकडे. बाहेर पडणारा झोत जे भिंग बांधतं, तेच आत येणारं ऊन एका ठिपक्यावर गोळा करतं. प्लॅस्टिक जळाल्याचा वास येतो. सगळे जनरेटरकडे बघतात. वर एक पोतं टाकलं असतं तरी भागलं असतं.

संध्याकाळी 5:15
बंदोबस्ताचे पोलीस येतात. सहा दिवसांवर 20 एप्रिल: 1981 साली इथेच आदिवासींवर झालेल्या पोलीस गोळीबाराचा स्मरणदिन. एप्रिलमधल्या गर्दीवर इथे त्यांचं लक्ष असतं. लाइटवर कुणाचंच नाही.

संध्याकाळी 6:20
जनरेटर सुरू. वीज मिळताच मूव्हिंग हेड स्वतःच रीसेट होतं: आडवं फिरून, वर-खाली वाकून, सेन्सरकडून आपली जागा शोधतं. सात जणी मुकाट वाकतात. आठवी कर्र-कर्र करते. मोटर ओढते, लॉक सोडत नाही, मधल्या दातेरी पट्ट्याचे दात खरवडले जातात. डिस्प्लेवर टिल्ट एरर.

इथून पाऊण तास वाया जातो, आणि तो कसा जातो हे बघण्यासारखं आहे. आधी डीएमएक्सची, म्हणजे कन्सोलचे हुकूम दिव्यांपर्यंत नेणारी केबल बदलतात. मग अ‍ॅड्रेस पुन्हा टाकतात. मग शेवटच्या शार्पीला टर्मिनेटर लावतात, मग कन्सोल बंद-चालू. वास्तविक रीसेटला डीएमएक्स लागतच नाही. केबल उपटून ठेवली तरी ते होतं. रीसेटलाच आवाज येत असेल, तर दोष सिग्नलचा नाही, यंत्राचा आहे. वीज तोडायची, डोकं हातानं फिरवून बघायचं. अडकतंय? लॉक. मध्येच दात सटकल्यासारखं टकटक लागतंय? पट्टा. ही तपासणी दोन मिनिटांची. पण कन्सोलवर बसलेल्या माणसाला उठून हात काळे करायचे नसतात.

संध्याकाळी 7:05
एका पोराला खटका दिसतो. तो उघडतो. रीसेट होतं.
“चालली की भाऊ!”
कव्हर कुणी उघडत नाही. उघडलं असतं तर पुलीखाली काळ्या रबराचा भुगा दिसला असता. टूलबॉक्समध्ये टेप आहे, झिप टाय आहेत, फेव्हीक्विक आहे. पट्टा नाही. तेव्हाही एक उपाय होता: आठवीची वायर काढायची आणि सातींवर रात्र काढायची.

रात्री 9:10
पहिलं गाणं संथ. आठवी जरा वाकडी बघते, एवढंच.

रात्री 9:32
ढोलकी चढते, दिव्यांचा चेस वेगात. प्रत्येक झटक्याला पट्टा दात सोडतो. एन्कोडरला जागा चुकलेली दिसते, तो मोटरला परत पळवतो, आणखी दात जातात. डोकं थरथरतं. पब्लिकला तो इफेक्ट वाटतो.

रात्री 9:36
पट्टा तुटतो. सैल डोकं मागे कलंडतं आणि झोत हातभरावरच्या सिंथेटिक पडद्यावर स्थिर होतो. असा दिवा कापडापासून काही मीटर दूर ठेवायचा असतो. काही बनावटींत टिल्ट एरर आली की शटर आपोआप मिटतं. हिच्यात नाही. पडदा पिवळा, तपकिरी, मग भोक, मग ज्वाळा.

रात्री 9:37
कुणीतरी जनरेटर बंद करतं. आता माइकही नाही, उजेडही नाही. बायका मुलांना हाका मारतात, मागच्या खुर्च्या कोसळतात. कार्यकर्ते पडदा ओढून मातीत तुडवतात.

रात्री 9:45
जनरेटर पुन्हा चालू. तापलेला डिस्चार्ज दिवा थंड झाल्याशिवाय पेटत नाही, म्हणून साती नुसत्याच वाकून उभ्या. कार्यक्रम दोन हॅलोजनवर संपतो.

रात्री 11:30
हिशेब. मंडळ आठही शार्प्यांचे पैसे कापतं. ऑपरेटर हुज्जत घालतो: केबलच खराब होती.