जिल्ह्याचे रुग्णालय आणि खेड्यातील दवाखाना

जिल्ह्याचे गाव आपल्याकडे तीन वास्तूंनी ओळखले जाते: कलेक्टर कचेरी, न्यायालय आणि सिव्हिल हॉस्पिटल. पहिल्या दोहोंकडे मनुष्य अर्ज किंवा तंटा घेऊन जातो. तिसरीकडे तो आपले आजारी माणूस घेऊन जातो. या तिसऱ्या वास्तूचा खेड्याशी संबंध कसा जडला आणि तो कोठे अपुरा राहिला, याचा थोडक्यात विचार करू.

इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन हा आधी सरकारी अधिकारी आणि मग लोकांचा डॉक्टर होता. सरकारी नोकरांचे औषधपाणी, तुरुंगातील कैद्यांची प्रकृती आणि न्यायालयासाठी करावयाची शवपरीक्षा ही त्याची नेमून दिलेली कामे होती. मुंबई इलाख्यात १८६९ च्या लोकल फंडाच्या कायद्याने शेतसाऱ्याबरोबर एक पट्टी वसूल होऊ लागली. पुढे १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डांची नवी घडी बसली, आणि त्यांच्या तुटपुंज्या उत्पन्नातून ग्रामीण भागातील दवाखाने चालू लागले. रुग्णालयाचा धनी एक आणि दवाखान्याचा दुसरा, ही वाटणी तेव्हापासूनची आहे.

या व्यवस्थेची समग्र तपासणी प्रथम झाली ती भोर समितीकडून. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म १८७८ साली नाशिकचा आणि शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले. ते डॉक्टर नव्हते. सनदी सेवेत मुरलेले प्रशासक होते. ही समिती १९४३ मध्ये नेमली गेली आणि १९४६ मध्ये तिने आपला अहवाल सादर केला. त्यातील आकडे वाचताना आजही मन अस्वस्थ होते. ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे चार हजार लोकांमागे रुग्णालयातील एक खाट, सहा हजारांहून अधिक लोकांमागे एक डॉक्टर आणि त्रेचाळीस हजारांमागे एक परिचारिका! त्यातही बहुतेक डॉक्टर शहरांत. जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे १६२ मुले वर्षाच्या आत दगावत.

समितीने सुचविलेली दूरची योजना तीन पायऱ्यांची होती. दहा ते वीस हजार वस्तीला ७५ खाटांचे प्राथमिक केंद्र, त्यावर ६५० खाटांचे दुय्यम रुग्णालय आणि सुमारे तीस लाखांच्या जिल्ह्याला २,५०० खाटांचे मुख्य रुग्णालय. तोपर्यंतची सोय म्हणून चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्यकेंद्र असावे, असे तिने सांगितले. खाटांच्या या संख्या कागदावरच राहिल्या. तथापि त्यांच्यामागील सूत्र मोलाचे होते: रोग टाळणे आणि रोग बरा करणे ही दोन्ही कामे एकाच हाती असावीत, कठीण रोगी खालून वर जावा आणि वरील तज्ज्ञांची देखरेख खाली पोहोचावी.

१९५२ मध्ये समाजविकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्यकेंद्रे निघू लागली. परंतु विकासगटाची वस्ती सुमारे लाखभर आणि केंद्र एकच. १९५९ साली नेमलेल्या मुदलियार समितीने स्पष्टच सांगितले की, नवी केंद्रे उघडण्याआधी आहेत ती सुधारा आणि जिल्ह्याची रुग्णालये त्यांच्या पाठीशी समर्थपणे उभी करा.

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. सत्ता लोकांच्या जवळ आली, हा लाभ थोर होता. मात्र प्राथमिक आरोग्यकेंद्रे परिषदेकडे गेली आणि जिल्हा रुग्णालय राज्य शासनाकडे राहिले. आजही जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्या वाटा वेगळ्या आहेत. लोकल बोर्डाच्या काळातील वाटणी अशी नव्या नावाने टिकून राहिली.

याचा अर्थ काहीच साधले नाही, असा नव्हे. आज सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगरी व आदिवासी भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक केंद्र असावे, असे प्रमाण ठरलेले आहे. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने गावातीलच स्त्री 'आशा' म्हणून उभी केली. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येऊ लागली. पायऱ्या आहेत, प्रश्न आहे तो एका पायरीवरून दुसरीवर जाण्याचा.

अडलेल्या बाळंतिणीचे उदाहरण घ्या. प्राथमिक केंद्रातील डॉक्टर धोका ओळखतो. पण शस्त्रक्रियेसाठी भूलतज्ज्ञ हवा, रक्त हवे. तो चिठ्ठी लिहून तिला पुढे पाठवतो. पुढच्या रुग्णालयाला आधी वर्दी असेल, तर टेबल तयार असते. नसेल, तर तिची पुन्हा रांगेपासून सुरुवात होते. ती घरी परतते तेव्हा तिच्यावर काय उपचार झाले हे गावातील परिचारिकेला कळले नाही, तर टाक्यांची आणि तान्ह्या मुलाची काळजी घ्यावी कशी? चिठ्ठी वर जाते तशी खालीही यावयास हवी. तिच्यासाठी नवी इमारत लागत नाही; दोन खात्यांनी एक रोगी आपला मानावा लागतो.

भोर समितीच्या खाटा आपण मोजत आलो. त्या खाटांना खेड्याशी जोडणारी वाट दोन्ही अंगांनी वाहती ठेवणे, हे तिने सोपवलेले काम अजून आपल्याकडे शिल्लक आहे.